मार्क केट्सबी : सापांचा चित्रकार

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत 'फीत' असा एक शब्द आहे. तुमच्या उर्दूत त्यालाच 'फ़ीता' म्हणतात. मुली वेणीला बांधतात ती फीत, कापडाच्या दुकानात गुंडाळी करून ठेवलेली असते ती फीत. अशा फितीसारखा लांब, अरुंद आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक साप उत्तर अमेरिकेत राहतो. तिकडचे लोक त्याला 'रिबन स्नेक' म्हणतात. आपण त्याला रिबन साप म्हणू या. या सापाचे एक जुने आणि सुंदर चित्र सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने काढले. साप दिसताच लोक काठी उचलत होते, त्या काळात या माणसाने कुंचला उचलला. त्याचे नाव मार्क केट्सबी. आज आपण त्यांचीच ओळख करून घेणार आहोत.

मार्क केट्सबी यांचा जन्म 1683 साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात झाला. वडील वकिली करत. घरची स्थिती बरी होती. लहानपणापासूनच मार्क यांना झाडे, फुले, पक्षी आणि प्राणी यांची आवड होती. त्या भागात निसर्गाचा अभ्यास करणारे काही विद्वान राहत होते. त्यांच्या सहवासात ही आवड वाढत गेली. परंतु केट्सबी चित्रकलेच्या कोणत्याही शाळेत गेले नाहीत. आपण शिकून तयार झालेले चित्रकार नाही, हे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितले आहे.

1712 साली ते जहाजाने अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे गेले. त्यांची बहीण एलिझाबेथ तेथे राहत होती. तिचे पती डॉक्टर होते. त्या वेळी व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. नवा देश, नवी झाडे, नवे पक्षी! केट्सबी पाहतच राहिले. सात वर्षे ते तेथे राहिले. त्यांनी बिया आणि वाळवलेली रोपे गोळा करून इंग्लंडला पाठवली, काही चित्रेही काढली. मात्र पुढे त्यांना वाटू लागले, की त्या सात वर्षांचा आपण पुरेसा उपयोग केला नाही. आपण मौजेसाठी पाहत हिंडलो, पण पद्धतशीर नोंदी ठेवल्या नाहीत. मित्रांनो, ही खंत पुष्कळांना वाटते. पण खंत करून थांबणारे पुष्कळ आणि पुन्हा कामाला लागणारे थोडे असतात. केट्सबी त्या थोड्यांपैकी होते.

1719 साली ते इंग्लंडला परतले. त्यांनी आणलेली रोपे आणि चित्रे तेथील जाणकारांनी पाहिली. विल्यम शेरर्ड आणि हॅन्स स्लोन यांच्यासारख्या विद्वानांना ती आवडली. या माणसाला पुन्हा अमेरिकेला पाठवावे, असे त्यांना वाटले. काही मंडळींनी मिळून खर्चाची जबाबदारी घेतली. अशा रीतीने 1722 साली केट्सबी दक्षिण कॅरोलिना येथील चार्ल्सटन बंदरात उतरले. या वेळी मात्र काय करायचे, हे त्यांनी मनाशी पक्के ठरवले होते. तेथील झाडे, पक्षी, मासे आणि साप यांची नीट माहिती घ्यायची आणि त्यांची खरी चित्रे काढायची.

कॅरोलिनात ते सुमारे तीन वर्षे राहिले. कधी समुद्रकाठच्या सपाट प्रदेशात, कधी दलदलीत, तर कधी दूरच्या डोंगराळ भागात ते पायी हिंडत. बरोबर एक पेटी असे. तिच्यात कागद, रंग आणि गोळा केलेल्या वस्तू असत. ही पेटी उचलायला ते तेथील मूळ रहिवाशांपैकी, म्हणजे अमेरिकन इंडियन लोकांपैकी, एखाद्याला सोबत घेत. या लोकांना जंगलाच्या वाटा माहीत होत्या. शिकार करून ते केट्सबींना खायला देत. पावसात झाडाच्या सालीचा आडोसा करून देत. आपल्याला या लोकांची किती मदत झाली, हे केट्सबी विसरले नाहीत. त्यांनी ते लिहून ठेवले.

चित्रे काढण्याचा त्यांचा एक नियम होता. झाड असेल, तर ताजे तोडलेले हवे. पक्षी असेल, तर शक्यतो जिवंत हवा. मासा पाण्याबाहेर काढला की त्याचे रंग लगेच फिके पडतात, म्हणून ते एकाच जातीचे अनेक मासे वेगवेगळ्या वेळी मिळवून रंग पूर्ण करत. सापांची मात्र त्यांना अडचण आली नाही. साप अन्नावाचून कित्येक दिवस, कित्येक महिनेही जगू शकतो. त्यामुळे साप जिवंत ठेवून, समोर बसून, सावकाश चित्र काढता येत असे. विचार करा, ज्या प्राण्याला पाहताच लोक दूर पळतात, त्याच्यासमोर हा माणूस तासन् तास बसत होता. त्याच्या अंगावरचा एकेक पट्टा आणि एकेक ठिपका कागदावर उतरवत होता.

केट्सबींनी अनेक जातींच्या सापांची चित्रे काढली. आपला रिबन साप त्यांतलाच एक. आता या सापाची थोडी माहिती घेऊ या. त्यातली बरीचशी माहिती केट्सबींच्या नंतरच्या अभ्यासकांनी मिळवलेली आहे.

रिबन साप अंगाने अगदी सडपातळ असतो. त्याची लांबी साधारणपणे अर्धा मीटर ते पाऊण मीटर भरते. शेपटी फार लांब, म्हणजे संपूर्ण लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश असते. पाठीचा रंग गडद तपकिरी किंवा काळपट असतो. त्यावर तीन पिवळसर पट्टे असतात. एक पाठीच्या मधोमध आणि दोन दोन्ही बाजूंना. डोळ्याच्या पुढे एक लहानशी पांढरी खूण असते. साप वेगाने सरपटू लागला, की हे सरळ पट्टे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना फसवतात. पट्टे जागच्या जागीच आहेत असे वाटते आणि साप तोवर गवतात दिसेनासा होतो.

हा साप पाण्यापासून फारसा दूर जात नाही. तळ्यांचे काठ, ओढे आणि दलदल ही त्याची राहण्याची ठिकाणे. पाण्याकडे झुकलेल्या झुडपावर चढून तो ऊन खात बसतो. चाहूल लागली, की पाण्यात उतरतो आणि काठाकाठाने पोहत निघून जातो. बेडूक, त्यांची पिल्ले आणि लहान मासे हे त्याचे अन्न. त्यालाही शत्रू पुष्कळ. बगळे, ससाणे, मोठे साप आणि मोठे मासे त्याला खातात. कोणी पकडले, तर तो अंगातून घाणेरड्या वासाचा स्राव सोडतो. कधी कधी त्याची शेपटी तुटते. पालीची शेपटी पुन्हा येते, पण रिबन सापाची तुटलेली शेपटी पुन्हा वाढत नाही.

थंडीच्या दिवसांत त्या प्रदेशात बर्फ पडते. तेव्हा हा साप उंदरांच्या किंवा इतर प्राण्यांच्या बिळात शिरून निपचित पडून राहतो. वसंत ऋतूत तो बाहेर येतो. तो अंडी घालत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस मादी साधारण डझनभर पिल्लांना जन्म देते. आपल्याकडील घोणससुद्धा अशीच पिल्लांना जन्म देते. परंतु घोणस अतिशय विषारी आहे आणि रिबन सापापासून माणसाला कसलाही धोका नाही.

आपल्या शेतांत आणि बांधांवर 'नानेटी' नावाचा एक साप आढळतो. पाठीवर दोन पिवळे पट्टे, बारीक अंग आणि बेडकांची आवड. नानेटी आणि रिबन साप हे एकाच मोठ्या कुळाच्या एकाच शाखेत मोडतात. एक हिंदुस्थानात, दुसरा अमेरिकेत. नानेटी अंडी घालते, एवढा मात्र त्यांच्यात फरक आहे. तीही माणसाला अपाय करत नाही. तरीसुद्धा दरवर्षी कितीतरी नानेट्या केवळ साप म्हणून मारल्या जातात.

केट्सबींच्या काळात कॅरोलिनातही हेच घडत होते. तेथे रॅटल स्नेक म्हणजे खुळखुळ्या साप होता, आणि तो खरोखरच प्राणघातक होता. त्याच्या शेपटीच्या टोकाला कडक कड्या असतात. त्या हलवून तो खुळखुळ असा आवाज करतो. या सापाची भीती इतकी होती, की इतर गरीब सापांनाही लोक त्याच्याबरोबर मारून टाकत.

खुद्द केट्सबींवर या सापाचा एक प्रसंग आला. 1723 साली ते कॅरोलिनात एका सद्गृहस्थांच्या घरी उतरले होते. खोली तळमजल्यावर होती. सकाळी उठून ते बाहेर गेले. काही मिनिटांतच नोकर अंथरूण आवरायला आला. त्याने पांघरूण उचलले आणि तो ओरडला. बिछान्याच्या मधोमध, चादरींच्या आत, एक खुळखुळ्या साप वेटोळे घालून बसला होता! थंडीत ऊब मिळावी म्हणून तो रात्री आत शिरला असावा. हा सोबती रात्रभरात किती वेळ आपल्याशेजारी होता, हे केट्सबींना कळलेच नाही. हा प्रसंग त्यांनी पुढे पुस्तकात थोड्याशा विनोदाने लिहिला आहे. दुसरा कोणी असता, तर त्याने सापांचे नाव टाकले असते. केट्सबी मात्र आपले काम करत राहिले.

मित्रांनो, उर्दूत तुम्ही 'दीदा' आणि 'शुनीदा' हे दोन शब्द वाचले असतील. दीदा म्हणजे पाहिलेले आणि शुनीदा म्हणजे ऐकलेले. सापांच्या बाबतीत ऐकलेल्या गोष्टी फार आणि पाहिलेल्या थोड्या असतात. कॅरोलिनातही तसेच होते. चाबकासारख्या बारीक आणि लांब अशा एका सापाविषयी तेथे एक गोष्ट सांगत. हा साप शेपटीच्या एका फटक्याने माणसाचे दोन तुकडे करतो म्हणे! केट्सबींनी ही गोष्ट नोंदवली, पण ती हास्यास्पद आहे असेही लिहिले. खुळखुळ्या साप नुसत्या नजरेने खारीला आणि पक्ष्याला मोहून टाकतो, असेही लोक सांगत. पुष्कळांनी सांगितले म्हणून केट्सबींनी ते लिहिले. परंतु आपण स्वतः हे पाहिलेले नाही, ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. पाहिलेले ते पाहिलेले आणि ऐकलेले ते ऐकलेले. त्यांच्या लेखनाचे मोल या प्रामाणिकपणात आहे.

आणखी एक गोष्ट ऐका. कॅरोलिनात तेव्हा भाताची मोठी शेते होती. या शेतांवर आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेले गुलाम राबत. त्यांना ना मजुरी होती, ना स्वातंत्र्य. स्टोनो नावाच्या ठिकाणी जमीन खोदताना या लोकांना काही प्रचंड दात सापडले. हे दात कोणाचे, असा प्रश्न पडला. आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामांनी ते पाहताच एकमताने सांगितले, की हे हत्तीच्या दाढांसारखे आहेत. त्यांनी आपल्या देशात हत्ती पाहिले होते. केट्सबींनीही लंडनमध्ये आफ्रिकेतून आलेल्या अशा दाढा पाहिल्या होत्या. त्यांना गुलामांचे म्हणणे पटले आणि त्यांनी ते आपल्या पुस्तकात नोंदवले. आज आपल्याला माहीत आहे, की ते दात हत्तीच्याच कुळातील मॅमथ या नष्ट झालेल्या प्राण्याचे होते. ज्यांना त्या समाजात कोणी विचारत नव्हते, त्यांचे ज्ञान खरे ठरले. त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

1725 साली केट्सबी बहामा बेटांवर गेले. तेथे त्यांनी मासे, खेकडे आणि कासवे यांची चित्रे काढली. सप्टेंबर महिन्यात एका रात्री ते जहाजाच्या डेकवर पडून होते. वर अंधारात पक्ष्यांचे थवे जात असल्याचा आवाज आला. तो आवाज त्यांनी ओळखला. कॅरोलिनात भाताच्या शेतांवर उतरणारे ते पक्षी होते. सलग तीन रात्री हे थवे डोक्यावरून गेले. त्या काळी युरोपात काही लोक समजत, की पाकोळ्यांसारखे पक्षी हिवाळ्यात तळ्याच्या तळाशी झोपून राहतात. केट्सबींना हे पटत नव्हते. पक्षी समुद्र ओलांडून दूरच्या देशी जातात, असे त्यांनी ठामपणे मांडले. ते थवे कोणत्या दिशेला चालले होते, याबद्दलचा त्यांचा अंदाज आजच्या माहितीशी जुळत नाही. परंतु पक्षी रात्री समुद्रावरून प्रवास करतात, ही मुख्य गोष्ट खरी होती. या विषयावर त्यांनी लिहिलेला निबंध 1747 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचण्यात आला.

1726 साली केट्सबी इंग्लंडला परतले. जवळ चित्रांचा आणि नोंदींचा मोठा साठा होता. आता त्याचे पुस्तक करायचे होते. पण पैसा कोठून आणायचा? त्या काळी चित्र छापण्यासाठी ते आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरावे लागे. हे काम करणारे उत्तम कारागीर पॅरिस आणि अ‍ॅम्स्टरडॅम या शहरांत होते. त्यांची मजुरी केट्सबींना परवडण्यासारखी नव्हती. मग त्यांनी काय केले असेल? वयाच्या चाळिशीनंतर ते स्वतः ही कला शिकले! जोसेफ गूपी नावाच्या चित्रकाराने त्यांना ती शिकवली. पोटासाठी ते रोपवाटिकेत काम करत आणि उरलेल्या वेळात तांब्याचे पत्रे कोरत. पीटर कॉलिन्सन नावाच्या एका कापड व्यापाऱ्याने त्यांना बिनव्याजी पैसे उसने दिले. कॉलिन्सन स्वतः झाडांचे मोठे शौकीन होते.

1729 साली पुस्तकाचा पहिला हप्ता निघाला. प्रत्येक हप्त्यात वीस चित्रे असत. रंगीत चित्रांच्या एका हप्त्याची किंमत दोन गिनी होती. ही रक्कम त्या काळी मोठी होती. शेवटची पुरवणी 1747 साली निघाली. चित्रांची एकूण संख्या 220 झाली. बाजूला इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत माहिती होती. प्राण्याशेजारी शक्यतो त्याच प्रदेशातले झाड काढायचे, ही त्यांची कल्पना त्या काळात नवीन होती. त्यामुळे प्राणी कोणत्या परिसरात राहतो, हे वाचकाला कळू लागले. रिबन सापाचे चित्र या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात आहे. 1733 साली रॉयल सोसायटीने केट्सबींना आपले सदस्य करून घेतले.

पुस्तक पूर्ण झाल्यावर केट्सबी फार काळ जगले नाहीत. 23 डिसेंबर 1749 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय 66 वर्षांचे होते. त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही. पत्नी आणि दोन मुले यांना त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीचाच आधार राहिला.

पण त्यांचे काम टिकले. स्वीडनचे थोर शास्त्रज्ञ लिनियस यांनी प्राण्यांना आणि वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली. अमेरिकेतील कितीतरी जातींना नावे देताना त्यांनी केट्सबींच्या चित्रांचा आधार घेतला. रिबन सापाला लिनियस यांनी 1766 साली नाव दिले. अमेरिकेतील एका मोठ्या बेडकाच्या शास्त्रीय नावात आजही केट्सबींचे नाव आहे. त्यांची मूळ चित्रे 1768 साली इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांनी विकत घेतली. ती आजही विंडसर येथील राजवाड्याच्या संग्रहात आहेत.

या चित्रांकडे पाहताना मन थोडे उदास होते. केट्सबींनी काढलेला प्रवासी कबुतर नावाचा पक्षी तेव्हा आकाश झाकून टाकील इतक्या संख्येने होता. माणसांनी त्याची बेसुमार शिकार केली. शेवटचे कबुतर 1914 साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. कॅरोलिनाचा हिरवा-पिवळा पोपटही तेथेच 1918 साली संपला. आता ते चित्रातच उरले आहेत. रिबन साप अजून आहे. परंतु दलदली बुजवल्या आणि तळ्यांचे काठ तोडले, की त्याचे घर जाते. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात तर त्याला धोक्यात आलेला प्राणी ठरवून कायद्याने संरक्षण दिले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सापाला हात लावणे हे शौर्य नाही. ओळख नसलेल्या सापापासून दूरच राहावे. साप चावलाच, तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. परंतु दूर उभे राहून नीट पाहायला कोणाची मनाई आहे? त्याच्या पाठीवर पट्टे किती, तो कोठे गेला, काय खात होता, हे वहीत लिहून ठेवा. जे स्वतः पाहिले ते एका बाजूला लिहा आणि जे दुसऱ्याकडून ऐकले ते दुसऱ्या बाजूला. काही दिवसांनी दोन्ही बाजू ताडून पाहा. केट्सबी आयुष्यभर हेच करत राहिले. त्यासाठी त्यांना मोठे शिक्षण लागले नाही आणि मोठे धनही लागले नाही. लागली ती नजर, चिकाटी आणि खरे लिहिण्याची सवय. या तिन्ही गोष्टी तुमच्याजवळही असू शकतात.